नळी न जोडलेलं इंजिन

१

सकाळी उठलं की सुमनताई आधी देवघरातल्या दिव्याकडे बघायच्या आणि मग नवऱ्याकडे. उद्धवरावांना हॉस्पिटलातून सांगवीच्या घरी आणल्यापासून हा क्रम ठरून गेला होता. दिवा अखंड ठेवायचा त्यांचा नेम होता. तेल घालायचं, काजळी झाडायची, वात जरा पुढे सरकवायची आणि पदराला हात पुसत आतल्या खोलीच्या दारात येऊन उभं राहायचं. उद्धवरावांचा श्वास चालायचा, चालायचा आणि मध्येच अडायचा. तो अडला की सुमनताईंचाही अडायचा. मग एक लांब उसासा टाकून तो पुन्हा सुरू व्हायचा, आणि त्या चहाला लागायच्या. झोपेत असं होतं, घाबरायचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अर्धांगवायूनं गेलेल्या उजव्या हाताबद्दल आणि वाचेबद्दल मात्र डॉक्टर काही ठाम बोलत नव्हते.

उपास-तापास, नवस-सायास हा सुमनताईंचा जन्माचा उद्योग. मुलाच्या, निरंजनच्या नोकरीसाठी त्यांनी साखर सोडली होती, सुनेच्या बाळंतपणासाठी अनवाणी राहिल्या होत्या. उद्धवराव चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला होते. ते हसायचे. म्हणायचे, तुझ्या देवाला कधी सुट्टी मिळते की नाही, कायम ओव्हरटाइमच. सुमनताईंना त्याचा राग येत नसे. देव काही कंटाळत नाही, एवढंच त्या म्हणत.

पण या खेपेला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, रबराच्या चपलांचे आवाज ऐकत बसलेल्या असताना, त्यांना सोडण्यासारखी एकही वस्तू आठवेना. गोड सोडून झालं होतं, भात सोडून झाला होता. तेव्हा त्या हात जोडून एवढंच म्हणाल्या होत्या, "यांना एकटं पडू देऊ नकोस. माझं काय घ्यायचं ते घे. मी विचारायला येणार नाही."

२

घराच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, एक छोटं लेथ होतं. निवृत्त झाल्यावर उद्धवरावांनी तिथे बसून एक वाफेचं इंजिन केलं होतं. उभं, वीतभर उंचीचं, पितळी चाकाचं. खऱ्या इंजिनाला जे जे असतं ते सगळं त्याला होतं. फक्त ते कधी फिरलं नव्हतं. पिस्टन इतका घट्ट बसला होता की चाक बोटानं रेटूनही हलत नसे. त्यांचा दोस्त हनीफ पिंपरीत डिझेल पंप दुरुस्त करायचा आणि घरी असलीच खेळणी बनवायचा. तो म्हणायचा, केसभर घासा उद्धवराव, लगेच पळेल. आणि उद्धवराव म्हणायचे, घासायचं नाही, त्याचं ते सैल होईल, त्याला वेळ द्या. या एका गोष्टीवरून दोघांनी किती चहा संपवले असतील त्याला गणती नाही.

चिंचवडच्या एका हॉलमध्ये दर वर्षी अशा छोट्या यंत्रांचं प्रदर्शन भरायचं. यंदाच्या प्रदर्शनाच्या सकाळी उद्धवरावांनी डाव्या हातानं गॅलरीकडे बोट केलं आणि मग तेच बोट सुमनताईंकडे वळवलं.

त्या म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. ते नुसते बघत राहिले. सून विजयश्री म्हणाली, जा आई, मी आहे ना बाबांजवळ, तुम्हालाही जरा हवा लागेल. हे दुखणं आल्यापासून सुमनताई दळणालासुद्धा घराबाहेर पडल्या नव्हत्या. इंजिन फिरलं तर यांचा हातही फिरेल, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

निघताना उद्धवरावांनी इंजिनावरच्या छोट्या वाटीकडे खूण केली. तेल. गॅलरीतली तेलाची कुपी वाळून गेली होती. खाली हनीफभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. देवघरातली बाटली सकाळीच दिव्यात रिकामी झालेली. शेवटी सुमनताईंनी पळीनं दिव्यातलंच थोडं तेल काढलं आणि इंजिनाच्या वाटीत सोडलं. तेल ते तेल, असं त्या मनाशी म्हणाल्या. दिवा जरासा फडफडला आणि पुन्हा सरळ झाला.

३

हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं होती, आणि प्रत्येक टेबलावर काही ना काही फिरत होतं. तळहातावर मावेल असा ट्रॅक्टर, काडेपेटीएवढा पंप, कुणाची रेल्वे. बाहेर व्हरांड्यात एक कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याची हवा बारीक नळ्यांतून टेबलाटेबलावर यायची. आत वाफ नव्हतीच, सगळी इंजिनं त्या हवेवर चालत. गरम तेलाचा, चहाचा आणि घासलेल्या पितळेचा मिळून एक वास होता. उद्धवरावांच्या शर्टाला आयुष्यभर यायचा तो.

लोक येऊन विचारपूस करत होते. प्रदर्शन भरवणारे ज्योतीराम, गळ्यात शिट्टी आणि खिशात मापं घ्यायचा वर्नियर, त्यांनी इंजिनाच्या चाकाला बोट लावून बघितलं. चाक हललं नाही.

"माणूस तसं मशीन," ते म्हणाले. "आमच्या युनियनच्या मीटिंगलापण उद्धवराव असेच. एकदा बसले की बसले."

"हसा," हनीफभाई म्हणाले. "एक दिवस फिरेल आणि तुमचा ट्रॅक्टर मागे पडेल."

मग चाक दोघांनी मिळून फिरवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. जेवण झाल्यावर नळी जोडून हवेच्या जोरानं बघू, असं ठरलं आणि मंडळी डबे उघडायला गेली. सुमनताईंचा शनिवार होता. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेबलाशी बसून राहिल्या. पिशवीत हात घालून त्यांनी जपमाळ धरली. नळी टेबलाच्या कडेला वेटोळं घालून पडली होती, तिच्या तोंडाला चिमटा लावलेला.

मणी सरत होते. समोर काहीतरी चमकलं म्हणून त्यांनी वर पाहिलं. चाकावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता, आणि तो उजेड सरकत होता.

४

आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच गरगरतंय. उपाशीपोटी होतं तसं. त्यांनी डोळे मिटले, मंत्र पुरा केला, डोळे उघडले. चाक फिरत होतं. सावकाश, आवाज न करता. पिस्टनचा दांडा वर यायचा, खाली जायचा, वर यायचा.

शेजारच्या टेबलावर चहाच्या गरम ग्लासवर ठेवलेलं एक इंजिन होतं. नुसत्या उष्णतेवर चालतं म्हणे. तसलंच काही असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्या उठल्या, इंजिनाखाली हात घालून पाहिला. खाली चादर होती, गार. पंख्याचा वारा असेल. पण वर पंखा नव्हता. टेबल हादरत असेल, कॉम्प्रेसरनं. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला. हादरत होतं, थोडंसं. हां, मग तेच. बरं वाटलं त्यांना. फिरलं एकदाचं. यांना फोन करून सांगायला हवं, विजयश्रीला म्हणावं, फोन त्यांच्या कानाला लाव.

पर्समध्ये फोन शोधत असताना दांडा वर येऊन थांबला.

चाक थांबलं. सुमनताईंचा हात पर्समध्येच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग चाक एकदा लांब, जड फिरलं, उसासा टाकल्यासारखं, आणि पुन्हा आपल्या चालीनं सुरू झालं.

ही चाल त्यांना माहीत होती. किती रात्री त्या उशीवर डोकं ठेवून हेच ऐकत पडल्या होत्या. चालायचा, चालायचा, अडायचा.

त्या खाली बसल्या. फोन केला नाही. चाकाकडे बघत राहिल्या, आणि ते अडलं की देवाचं नाव घेत राहिल्या.

५

हनीफभाई हात पुसत परत आले, आणि चाक बघून त्यांचं तोंड आनंदानं उजळलं. म्हणाले, जोडली का नळी, कुणी जोडली, माझ्यासाठी थांबायचं तरी. मग त्यांना टेबलाच्या कडेला पडलेलं वेटोळं दिसलं.

ते हसायचे थांबले. त्यांनी इंजिनाच्या मागून पाहिलं, खालून पाहिलं. जिथे हवा आत जायची त्या भोकावर बोट ठेवलं. चाक फिरतच राहिलं. मग त्यांनी बॅगेतून लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. पंप आतून कसा वाजतोय ते ऐकायची त्यांची ही जुनी रीत. टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाशी. आतला बारीकसा आवाजही दांड्यातून कानात येतो.

त्यांनी टोक सिलिंडरला टेकवलं आणि डोळे मिटले.

सुमनताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हनीफभाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग आठ्या गेल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि ओळख नसल्यासारखं सुमनताईंकडे पाहिलं.

"भाभी," ते हळू म्हणाले, "तुम्ही आत्ता काही बोललात?"

"नाही."

"ओठ पण नाही हलवले?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हनीफभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

मूठ गरम होती. सुमनताईंनी ती कानाशी धरली. आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीत, लांबून, एक टकटक. आतल्या खोलीतल्या पंख्याची. पातं वाकडं झाल्यापासून तो तसा वाजायचा. निरंजन रोज म्हणायचा, रविवारी बघतो. नदीकडच्या बाजूच्या बांधकामावरचं मिक्सर. आणि त्या सगळ्याच्या मध्ये पोथी वाचल्याचा आवाज. दुपारी उद्धवरावांजवळ बसून त्या वाचायच्या तीच पोथी. ओवीच्या शेवटी श्वास कमी पडून शब्द गिळायची सवय त्यांना लहानपणापासून होती. आवाजही शब्द गिळत होता.

मध्येच कुणीतरी हसलं. पुरुषाचं हसणं. हे दुखणं आल्यापासून त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

६

विजयश्रीनं फोन पहिल्याच रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय हो आई," ती हसत म्हणाली, "आतल्या खोलीतून फोन कशाला, हाक मारायची ना. चहा आणते थोड्या वेळानं. बाबांना बिस्किट देऊ का सोबत?"

सुमनताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विजू," त्या म्हणाल्या, "मी कधी आले गं?"

"म्हणजे? जेवायच्या वेळेला. तुम्हीच म्हणालात ना, तिथे जीव रमेना म्हणून." तिचा आवाज जरा बाजूला गेला, जणू ती स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावत होती. "आई, तुम्ही वाचताय की फोनवर आहात? मला दोन्ही..."

तेवढ्यात लाइट गेली.

फोन कापला गेला, आणि हॉलमधला कॉम्प्रेसर धापा टाकत बंद पडला. टेबलांवरची इंजिनं एकेक करून मंदावली. ट्रॅक्टर थांबला, रेल्वे थांबली, पंप थांबला. खिडक्यांतून दुपारचा उजेड येत होता म्हणून अंधार नव्हता. पण एवढी शांतता पसरली की लोक बोलायचे थांबले. आणि त्या शांततेत एकच चाक फिरत होतं.

माना वळल्या. ज्योतीराम पुढे आले. कौतुक आणि संशय, दोन्ही त्यांच्या तोंडावर होतं. आत बॅटरी लपवली आहे का, त्यांनी विचारलं. सुमनताईंनी इंजिन उचलायला हात घातला, तेव्हा ज्योतीराम म्हणाले, थांबा वहिनी, चालतं मशीन उचलायचं नसतं, बोट कापेल. आणि सगळे करतात तसं, सहज, त्यांनी चाकावर अंगठा टेकवला.

चाक थांबलं.

परपुरुषाला सुमनताईंनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्यांनी ज्योतीरामांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि बाजूला ओढलं. इतक्या जोरानं की त्यांच्या बांगड्या ज्योतीरामांच्या घड्याळावर वाजल्या.

"नका," त्या म्हणाल्या. "त्यांना श्वास घेऊ द्या."

सगळे बघत होते. चाक स्थिर होतं. सुमनताईंच्या छातीत काही हलत नव्हतं. मग दांडा थरथरला, चाक एकदा जड, लांब वळलं आणि चालू झालं. कुठेतरी मागे कुणीतरी सोडलेला श्वास ऐकू आला. तो बहुधा हनीफभाईंचा होता.

७

गाडीत इंजिन त्यांनी मांडीवर पदराखाली धरलं होतं. गरम होतं ते, ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखं. पिंपळे गुरवच्या सिग्नलला गाडी थांबली. हनीफभाईंचे ओठ हलत होते. सुमनताईंचेही. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

हिंजवडीहून सुटलेल्या बसगाड्या, भाजीच्या हातगाड्या, शाळेची पोरं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि त्याचाच त्यांना धीर येत होता. विजूनं टीव्ही लावला असेल, त्यातला आवाज असेल. झोप नाही धड, पोटात अन्न नाही, कानाला काहीही ऐकू येतं. हनीफभाईंनाही आलं ना पण. हो, आलं. पण हनीफभाईंचाही यांच्यावर जीव आहे. जीव असला की काहीही ऐकू येतं.

सोसायटीच्या गेटशी हनीफभाईंनी विचारलं, मी वर येऊ का. त्या नको म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, माणूस इतकं करतोय, काहीतरी बोलावं. म्हणाल्या, तुमचं खरं झालं हनीफभाई, फिरलं इंजिन.

"माझं नाही," ते म्हणाले. "उद्धवरावांचंच खरं झालं. घासावं नाही लागलं." आणि डोळे पुसायला त्यांनी तोंड वळवलं.

लाइट इथेही गेलेली. त्या जिन्यानं चढल्या, कठड्याला धरून, दुसऱ्या हातात पदराखाली ते चालतं इंजिन. दर मजल्यावर कुणाच्या तरी घरात फोडणीचा वास होता. आपल्या मजल्यावर आल्या तेव्हा दार अर्धवट उघडं दिसलं. लाइट गेली की विजयश्री वाऱ्यासाठी तसंच ठेवायची.

आतून वाचण्याचा आवाज येत होता.

त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. तिथून बैठकीची खोली दिसायची, आणि पलीकडे आतल्या खोलीच्या दारातून पलंगाचा एक तुकडा. तेवढाच. चादरीवर उद्धवरावांचा उजवा हात होता, आणि तो कुणाच्या तरी हातात होता. त्या माणसाचं बाकी काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त मनगट, हिरव्या बांगड्या, साडीचा काठ. सकाळी त्यांनी स्वतः घडी मोडून नेसलेली साडी होती ती. सुमनताईंनी खाली वाकून आपल्या काठाकडे पाहिलं नाही. त्यांची मान वाकेना.

वाचन थांबलं.

"सुमन," उद्धवराव म्हणाले. स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात. "इंजिन फिरलं का गं?"

"फिरलं की," आवाज म्हणाला. "किती छान फिरलं. सगळे बघत राहिले."

पलंगावर तो उजवा हात हलला. आधी करंगळी, मग सगळी बोटं. ती सावकाश मिटली आणि दुसऱ्या हाताला घट्ट धरून राहिली.

सुमनताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तोंडावर पदर धरून त्या हसल्या. स्वयंपाकघरातून विजयश्री ट्रेमध्ये दोन कप घेऊन आली, आत दिले, बाहेर आली, आणि तिचं लक्ष उघड्या दाराकडे गेलं. ती दाराशी आली. सुमनताईंच्या इतक्या जवळ, की तिच्या केसांतला तेलाचा वास त्यांना आला. तिनं जिन्याकडे पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि वारा वाढलाय म्हणत दार ओढून घेतलं.

बेलचं बटण हाताशी होतं. लाइट नव्हती, पण दार वाजवता आलं असतं. हाक मारता आली असती. सुमनताईंचा हात उचललाही गेला, आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आपण देवाला काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं. पण आत वाचन पुन्हा सुरू झालं होतं, आणि वाचताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना स्वतःला कधी आवडलं नव्हतं. अध्याय पुरा होऊ दे, मग आत जाऊ, असं ठरवून त्या जिन्याच्या पायरीवर टेकल्या. मांडीवरचं चाक आता कुठेच अडत नव्हतं.

अध्याय त्यांना तोंडपाठ होता. त्या मनातल्या मनात बरोबर म्हणू लागल्या. शेवटची ओवी आली, त्यांनी हात जोडले.

आतला आवाज थांबला नाही. शेवटच्या ओवीनंतर तो पुढे वाचत गेला, शांतपणे, गोड, सुमनताईंनी कधी न ऐकलेल्या ओव्या. प्रत्येक ओवीच्या शेवटी त्यांच्याचसारखा एक शब्द गिळत. आणि ऐकणारा मधूनमधून म्हणत होता, वाच, वाच, मी जागा आहे.